पुण्यात कॉलेजला नवीन आलाय? आधी ही माणसं शोधून काढा

हा लेख पहिल्यांदाच पुण्यात शिकायला आलेल्यांसाठी आहे. म्हणजे बारावी गावाकडं झाली आणि एफवायला इथं ॲडमिशन घेतलं, किंवा डिग्री तालुक्याला करून एमए-एमएस्सीला इकडं आलात, घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, कॉट बेसिसवर रूम मिळालीये आणि कॉलेजचं ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे तेही अजून नीट माहीत नाही. मीही पारनेरकडून अशीच आले, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमए केलं, कमवा-शिकामध्ये, म्हणजे शिकता शिकता कॉलेजात काम करून पैसे मिळवायच्या योजनेत, लायब्ररीत काम केलं, पुढं सेट (प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा) पास झाले आणि आता एका संलग्न कॉलेजात शिकवते, मधली काही वर्षं एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, जबाबदारी पण माझ्याकडं होती. त्यामुळं ऑफिसच्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभं राहून झालंय.

विद्यार्थ्यांसाठी योजना भरपूर आहेत हो. पण नोटीस बोर्डावर लागलेली योजना कोणीतरी चालवत असतं, त्या माणसाचं एक टेबल असतं, एक रजिस्टर असतं आणि एक लास्ट डेट असते, आणि ज्या पोराला हे तीन माहीत असतात त्याचं काम होतं. हुशारीचा यात काही संबंध नाही. दरवर्षी चांगली चांगली मुलं फक्त "मॅडम, आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणून राहून जातात, ते मला बघवत नाही, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितेय. मी सगळं विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं डोळ्यासमोर ठेवून सांगतेय, तुमचं कॉलेज स्वायत्त, म्हणजे सिलॅबस आणि परीक्षा स्वतः ठरवणारं, असेल तर नावं थोडी इकडंतिकडं होतील पण माणसं साधारण हीच असतात.

पहिली पायरी: फीची पावती नीट वाचा

ॲडमिशन झालं की पावती घडी घालून पाकिटात जाते ती थेट पुढच्या वर्षी बाहेर येते. तसं करू नका. आज रूमवर गेलात की ती उघडा आणि एकेक ओळ वाचा. ट्यूशन फी, लायब्ररी, जिमखाना हे कळतं. त्याच्या खाली छोट्या छोट्या रकमा असतात, कुठं दहा रुपये कुठं पन्नास: विद्यार्थी विकास निधी, एनएसएस, अश्वमेध, आपत्ती व्यवस्थापन, मेडिकल, इलिजिबिलिटी, प्रो-राटा (कॉलेजमार्फत विद्यापीठाला जाणारा वाटा). यातल्या जवळपास प्रत्येक ओळीमागं कॉलेजात एक माणूस नेमलेला असतो. विद्यार्थी विकास निधीमागं विद्यार्थी विकास अधिकारी, एनएसएसमागं कार्यक्रम अधिकारी. अश्वमेध म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या आपसातल्या क्रीडा स्पर्धा, त्याच्यामागं तुमचे जिमखान्याचे सर, म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक. इलिजिबिलिटी म्हणजे तुम्ही दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर पात्रता तपासायची फी, आणि त्याचे फॉर्म बघणारा एक क्लार्क असतो. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट दिवाळीच्या आत आणून याच माणसाच्या हातात द्या, ते राहिलं की परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी अडकायला होतं.

म्हणजे पैसे तुम्ही भरलेलेच आहात. वहीच्या शेवटच्या पानावर पावतीतल्या ओळी उतरवा आणि समोर नावं लिहायला जागा सोडा. पुढच्या पायऱ्या म्हणजे ती जागा भरायची.

दुसरी पायरी: वर्गात शिकवणारे कोण कोण आहेत ते समजून घ्या

पहिल्या आठवड्यात बहुतेक कॉलेजात इंडक्शन असतं, यूजीसीने २०१९ मध्ये दीक्षारंभ नावाने याची मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हापासून ते जास्त नीट व्हायला लागलं. ते चुकवू नका. स्टेजवर एकामागोमाग एक ओळख करून देतात, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, हे सर क्रीडा, या मॅडम एनएसएस, मुलं तोवर मोबाईलमध्ये असतात, आणि नंतर हीच मुलं तीन महिन्यांनी विचारत फिरतात की एनएसएसचं कोण बघतं. नाव आणि विभाग एवढं लिहून घेतलं तरी झालं.

मग मेंटॉर. पंधरा-वीस किंवा जास्त मुलांमागं एक शिक्षक असा गट बहुतेक ठिकाणी करतात, यादी डिपार्टमेंटच्या बोर्डावर लागते. मुलं मेंटॉर मीटिंगला फॉर्म भरण्याचं काम समजतात पण आजारी पडलात, घरी काही झालं, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली चाललीये, तर तुमच्या बाजूने बोलणारा पहिला माणूस हाच असतो, आणि त्याला तुम्ही आधीपासून माहीत असाल तरच तो बोलू शकतो. पहिल्या मीटिंगला स्वतःहून एवढं सांगा: कुठून आलोय, राहतोय कुठं, काम करतोय का, घरी कोण कमावतं. लाजायचं काही नाही यात. मला एखाद्या पोरानं सांगितलं की मॅडम मी पहाटे पेपर टाकतो, तर त्याला पहिल्या लेक्चरला उशीर का होतो ते मला कळतं, नाही सांगितलं तर मी त्याला आळशी धरून बसणार.

शिकवणाऱ्यांमध्ये काही कायमस्वरूपी असतात, काही कंत्राटी आणि बरेचसे तासिका तत्त्वावरचे, ज्यांना आम्ही सगळे सीएचबी म्हणतो. त्यांना ताशी मानधन मिळतं, नेमणूक त्या वर्षापुरती असते, आणि पुष्कळ जण सकाळी एका कॉलेजात दुपारी दुसऱ्या कॉलेजात असे पळत असतात. यांच्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली ही माणसं आहेत, पुण्यातल्या कॉलेजांमधलं निम्मं शिकवणं यांच्या जिवावर चालतं असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही, आणि वयाने तुमच्या जवळ असल्यामुळे तुमची अडचण यांना सगळ्यात लवकर कळते. शंका विचारायच्या तर लेक्चर संपल्या संपल्या विचारा, कारण नंतर ते स्टाफरूममध्ये सापडतीलच असं नाही. पण अर्जावर शिफारस, बोनाफाइड, हजेरीची सूट असल्या सह्यांसाठी त्यांच्यामागं लागू नका, बऱ्याच ठिकाणी तो अधिकार त्यांना नसतो आणि नाही म्हणताना त्यांना अवघड होतं. त्या सह्या विभागप्रमुखांच्या.

तिसरी पायरी: विद्यार्थी विकास अधिकारी आणि कमवा-शिका

हे नाव पानावर सगळ्यात वर लिहा. विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ आहे, त्याला संचालक असतात, आणि प्रत्येक संलग्न कॉलेजात त्या मंडळाचं काम बघणारे एक शिक्षक असतात, तेच विद्यार्थी विकास अधिकारी, त्यांना इंग्रजीवरून एसडीओ म्हणतात. पूर्वी याला विद्यार्थी कल्याण मंडळ म्हणायचे, त्यामुळं जुने शिपाई मामा अजून "वेल्फेअरचे सर" म्हणतात, एसडीओ विचारून कळलं नाही तर वेल्फेअर विचारा. मुलींसाठीचं निर्भय कन्या अभियान, वेगवेगळ्या कार्यशाळा, आणि कमवा व शिका, हे सगळं या टेबलावरून जातं.

कमवा व शिका योजनेला आपल्या विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे आणि ते उगाच नाही. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं, आणि पोरं शिकता शिकता श्रम करतील, आपल्या शिक्षणाचा खर्च आपल्या कष्टाने उचलतील ही पद्धत तिथं रुजवली. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्र सुद्धा दिलं. दुसऱ्याच्या पोरांना जेवायला घालायला एका बाईने मंगळसूत्र काढून द्यायचं म्हणजे काय हे त्या काळात जाऊन विचार करा. म्हणून कुणी मुलगा "कमवा-शिकाला नाव दिलं तर मित्र काय म्हणतील" असं म्हणाला की मी त्याला आधी ही गोष्ट सांगते मग फॉर्म देते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. कॉलेज सुरू झाल्यावर साधारण महिन्याभरात फॉर्म निघतात, प्रत्येक कॉलेजची तारीख वेगळी, म्हणून एसडीओंकडं जुलैपासूनच विचारत रहा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, फीची पावती, आधार, स्वतःच्या नावाच्या बँक पासबुकाची झेरॉक्स आणि मागच्या परीक्षेचं मार्कशीट एवढं तयार ठेवा. उत्पन्नाचा दाखला गावाकडून काढावा लागतो आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर मरणाची गर्दी असते, त्यामुळं सुट्टीला घरी आहात तेव्हाच काढून आणा, हा दाखला पुढं महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या, स्कॉलरशिपला पण लागतो. छोटी मुलाखत होते. तिथं खरं काय ते बोला, घरी शेती किती, भावंडं किती, रूमभाडं किती.

काम लायब्ररीत, लॅबमध्ये, ऑफिसात, बागेत असं कुठंही मिळतं, लेक्चर सांभाळून दिवसाला दोन-तीन तास, आणि पैसे तासावर. मी लायब्ररीत होते तेव्हा काम होतं परत आलेली पुस्तकं नंबरप्रमाणे कपाटात लावायचं. पुस्तकाच्या मणक्यावर चिकटवलेला तो आकडा असतो ना, त्यात दशांश चिन्हाच्या पुढचा आकडा बघून पुस्तक लावायचं, एक आकडा चुकला की पुस्तक कपाटात असून हरवल्यासारखं, परीक्षेच्या दिवसात कुणीतरी त्यासाठी तीन चकरा मारणार. तिथले अटेंडंट काका मला दर शनिवारी एक रॅक पहिल्यापासून तपासायला लावायचे, बोट मणक्यावरून फिरवत, आकडे पुटपुटत. त्या कामातून मला माझ्या विषयाची पुस्तकं कुठं कुठं विखुरलीत हे जेवढं कळलं तेवढं कुठल्या यादीतून कळलं नसतं.

एक महत्त्वाचं. मानधन हजेरीपत्रकावर निघतं. रोजच्या रोज वेळ लिहून सही करा आणि महिनाअखेरीला जिथं काम करताय तिथल्या प्रमुखांची सही आहे ना ते बघा. एका सहीवाचून अख्ख्या गटाचं बिल थांबतं आणि तेवढ्यात कुणाचंतरी मेसचं बिल तटतं.

चौथी पायरी: एनएसएस, आणि त्यातली माणसं

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती सुरू केली. नियम तेव्हापासून साधारण तेच: वर्षाला १२० तास असे दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर. हे दोन्ही झालं की सर्टिफिकेट. आता नव्या शैक्षणिक धोरणात को-करिक्युलर म्हणून एनएसएसला क्रेडिट पण मिळतात, तसेच ते एनसीसी, खेळ, कल्चरल यांना पण आहेत, त्यामुळं काहीतरी एक निवडायचंच आहे. निवडताना मित्राने काय घेतलं ते बघू नका, त्या त्या कार्यक्रम अधिकाऱ्याला जाऊन पाच मिनिटं भेटा आणि विचारा की गेल्या वर्षी काय काय केलं. जो माणूस डोळ्यात चमक आणून सांगेल त्याच्याकडं नाव द्या.

हा कार्यक्रम अधिकारी म्हणजे तुमच्याच कॉलेजातला एक शिक्षक, त्याचे नेहमीचे तास, पेपर तपासणं सगळं सांभाळून शंभर पोरांचं युनिट चालवणारा. त्याच्या खाली विद्यार्थी प्रतिनिधी असतात, हे एसवाय-टीवायचे दादा आणि ताई. खरं शिकवतात ते हेच. आषाढी वारीला दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा विद्यापीठाच्या एनएसएसची पोरं निर्मल वारीच्या कामाला असतात, पत्रावळी आणि कचरा गोळा करणं, वारकऱ्यांना शौचालयं कुठं आहेत ते सांगणं, आणि गणपती विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करायला. अशा गर्दीत नवीन पोराला कुठं उभं करायचं, कुणाला पाणी पाजायचं, कुणाला दोन तासांनी बदलायचं, हे ती ताईच ठरवत असते.

शिबिराबद्दल थोडं जास्त लिहिते. बहुतेक शिबिरं डिसेंबर-जानेवारीत असतात, मुळशी, वेल्हा, भोर, पुरंदर अशा बाजूच्या एखाद्या गावात, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा देवळात. पहाटे प्रभातफेरी, मग दुपारपर्यंत श्रमदान, दुपारनंतर व्याख्यान, गटचर्चा, रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. श्रमदानात सगळ्यात चांगलं काम म्हणजे वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेली पोती रचून ओढ्याचं पाणी अडवायचं. सिमेंटची रिकामी पोती आधीच गावातून गोळा करून ठेवलेली असतात. दोघं पोतं धरतात, तिसरा फावड्याने माती-वाळू भरतो, पोतं तोंडापर्यंत भरायचं नसतं, पाऊण भरलं की सुतळीने शिवायचं, नाहीतर ते बसत नाही, लोळतं. मग ओढ्यापर्यंत माणसांची साखळी. पहिला थर आडवा, दुसरा थर विटांच्या बांधकामासारखा सांधे मोडून, आणि मधल्या फटीत मातीचा गाळ पायाने तुडवून दाबायचा. पहिल्या दिवशी पोतं उचलताना शहरातल्या मुलांचे हात थरथरतात, मग गावातला एखादा आजोबा येऊन नुसतं दाखवतो, असं नाही, गुडघ्यावर घे, आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरं त्यांना दादा-बाबा करत कामाला लागलेली असतात. संध्याकाळपर्यंत ओढ्याचं पाणी बंधाऱ्यामागं वीतभर चढलेलं दिसतं. मी हे कितीदा पाहिलं तरी मला तेवढाच आनंद होतो.

शिबिराला जाताना घरच्यांचं संमतीपत्र लागतं, त्यावर पालकांची खरी सही आणा. मुलींच्या घरून नाही म्हणतात बऱ्याचदा, तेव्हा कार्यक्रम अधिकारी किंवा सोबत येणाऱ्या मॅडमना सांगा की घरी फोन करा. आम्ही करतो. अर्ध्या घरांना एवढंच हवं असतं की सोबत कोण जबाबदार बाई आहे ते कळावं.

पाचवी पायरी: ऑफिसमधली माणसं आणि ओसी

शिपाई मामा, मावशी, लॅब असिस्टंट, कॅश काउंटरवरचे सर, स्कॉलरशिप बघणारे मॅडम. कॉलेज हीच माणसं चालवतात. प्राचार्य आज आहेत की नाही, कुठल्या वेळेला सही करतात, हे मामांना माहीत असतं. सकाळी गेलात की नमस्कार म्हणा, नाव विचारा, "ओ" करून हाक मारू नका.

ऑफिसचं काम असेल तर अर्ज घेऊनच जा, तोंडी सांगितलेलं तिथं टिकत नाही. अर्ज मराठीत चालतो. वर तारीख, प्रति मा. प्राचार्य, विषय एका ओळीत, मग तुमचं नाव, वर्ग, रोल नंबर, काय हवंय आणि कधीपर्यंत हवंय, खाली सही आणि मोबाईल नंबर. घरची सगळी कहाणी अर्जात लिहू नका, ती मेंटॉरला सांगा. आणि अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक द्यायची, दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख आणि नंबर घ्यायचा, यालाच सगळे ओसी, म्हणजे ऑफिस कॉपी, म्हणतात. पुढच्या वेळी "कुठला अर्ज?" असं कुणी विचारलं की ओसी पुढं करायची, बोलायची गरजच पडत नाही. ही एक सवय लागली तर पुढं तहसीलपासून बँकेपर्यंत सगळीकडं उपयोगी पडते.

परीक्षेचं सगळं सीईओ सर किंवा मॅडम बघतात, म्हणजे कॉलेजचे परीक्षा अधिकारी. हॉल तिकीटावर विषय चुकला, इंटर्नलचे मार्क लागले नाहीत, निकालात गैरहजर दाखवलं, तर आधी यांच्याकडं. १०० मार्कांच्या पेपरात ३० इंटर्नलचे असतात, ते विषयाच्या शिक्षकांकडून भरले जातात, त्यामुळं इंटर्नलचा घोळ असेल तर विषयशिक्षकांना सोबत घेऊन सीईओंकडं जा, म्हणजे एकाच फेरीत काम होतं. निकालावर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत, मग ती कुणा शिक्षकाला दाखवून पुनर्मूल्यांकन, असा क्रम आहे, आणि मुदत थोड्या दिवसांचीच असते म्हणून निकाल लागला त्याच दिवशी परिपत्रक बघा. एबीसीचं खातं पण उघडून ठेवा, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, तुमची क्रेडिट त्यात जमा होतात, डिजिलॉकरवरून निघतं, आधारवरचं आणि कॉलेजातलं नाव एकसारखं हवं एवढं बघा.

सहावी पायरी: हे शिकवायचं कुणी ठरवलं?

हा प्रश्न पहिल्या वर्षी कुणी विचारत नाही, मला वाटतं विचारायला हवा. विद्यापीठात प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ असतं, सगळे त्याला बीओएस म्हणतात, त्यात वेगवेगळ्या कॉलेजांचे शिक्षक, विभागप्रमुख, बाहेरचे तज्ज्ञ असतात, ते सिलॅबस तयार करतात. त्याच्या वर विद्याशाखा, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार केल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव विज्ञान, आंतरविद्याशाखीय. प्रत्येकीला अधिष्ठाता म्हणजे डीन. त्याच्या वर विद्यापरिषद. तुमच्या कॉलेजात कदाचित त्या मंडळावर असलेले शिक्षक शिकवत पण असतील, विचारून बघा. सिलॅबसमध्ये एखादा भाग का आहे हे त्यांच्याकडून ऐकलं की तो पेपर वेगळाच वाटायला लागतो.

आणि सेमिस्टरच्या शेवटी जो फीडबॅक फॉर्म येतो, ज्यात सगळे डोळे झाकून सरळ "उत्तम" मारून मोकळे होतात, तो कॉलेजच्या आयक्यूएसीकडं जातो, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष. तिथले समन्वयक पण शिक्षकच असतात. नॅक, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था, तपासणी करते तेव्हा हे कागद बघितले जातात. तिथं मोकळ्या जागेत एक वाक्य लिहा, पण नेमकं. "शिकवणं बरोबर नाही" याने काही होत नाही. "प्रॅक्टिकलला एका मायक्रोस्कोपवर सहा जण असतो" किंवा "इंग्रजीतून शिकवल्यावर पाच मिनिटं मराठीत सांगितलं तर कळेल" असं लिहिलं तर त्यावर काही करता येतं. दुसरं वाक्य मी स्वतः एका फॉर्मवर वाचलंय आणि तेव्हापासून प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं मराठीत घेते.

सातवी पायरी: त्रास झाला तर

हे थोडक्यात पण पाठ करा. रॅगिंग झालं, तुमचं किंवा दुसऱ्या कुणाचं, तर कॉलेजची अँटी-रॅगिंग समिती, आणि देशभरासाठीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, "मस्करी होती" हे कारण चालत नाही. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडं, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी. तिचे सदस्य कोण याचा बोर्ड कॉलेजात लावावाच लागतो, तो आजच शोधून फोटो काढून ठेवा. बाकी तक्रारी, म्हणजे फी, कागदपत्रं अडवणं, भेदभाव, असल्या सगळ्यांसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडं अपील.

मन लागत नसेल, झोप उडाली असेल, घरी सांगता येत नसेल तर मेंटॉरला किंवा ज्या कुणा शिक्षकाशी बोलावंसं वाटतं त्यांना सांगा, १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पुण्यात पहिले तीन-चार महिने एकटं वाटणं हे अगदी खूप जणांचं होतं. वाट बघत बसू नका, बोला.

आठवी पायरी: एकदा विद्यापीठात जाऊन या

कॉलेज कुठलंही असो, गणेशखिंडीतलं विद्यापीठ तुमचंच आहे. ४११ एकर आहे, झाडीत, पहिल्यांदा गेलात तर हरवाल. १९४९ मध्ये सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर, म्हणून लायब्ररीला त्यांचं नाव. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं. १ जानेवारी १८४८ ला बुधवारातल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तिथं शिकवणाऱ्या सावित्रीबाई, आणि १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली तिथंही फुले दांपत्यच. दिवसभर राबून रात्री शिकायला येणाऱ्यांची सोय त्यांनी केली होती, हे आजच्या कमवा-शिकाच्या पोरांना मुद्दाम माहीत असावं असं मला वाटतं.

तिथं गेलात की मुख्य इमारत, जयकर ग्रंथालय बाहेरून का होईना बघा, अनिकेत कँटीनला चहा घ्या, विद्यार्थी विकास मंडळ आणि परीक्षा विभाग कुठं आहेत ते विचारून ठेवा. पीआरएन नंबर (विद्यापीठाने दिलेला तुमचा कायमचा नोंदणी क्रमांक) आणि ओळखपत्र जवळ असू द्या. विद्यापीठात काम असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन जा, नाहीतर "कॉलेजमार्फत या" म्हणून परत पाठवतात आणि तो नियमच आहे. विद्यावाणी म्हणून विद्यापीठाचा १०७.४ एफएम रेडिओ आहे, आवाज बरा असेल, बोलायची आवड असेल तर तिथं चौकशी करा. संशोधनाची आवड असेल तर आविष्कार स्पर्धेचं बघणारे तुमच्या कॉलेजात कोण आहेत ते ऑगस्टमध्येच विचारा, पोस्टर करायला वेळ लागतो.

शेवटचं काम: सर्टिफिकेट वेळेत घ्या

हे शेवटच्या सेमिस्टरचं आहे पण आत्ता वाचून ठेवा. एनएसएसचं सर्टिफिकेट, कमवा-शिकाचा अनुभवाचा दाखला, शिबिराचं, खेळाचं, हे सगळं त्या त्या अधिकाऱ्याकडून परीक्षेआधी मागून घ्या. अधिकारी दर काही वर्षांनी बदलतात, नवीन आलेल्यांना तुम्ही कोण ते माहीत नसतं, आणि मग जुन्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव शोधत बसावं लागतं. सर्टिफिकेटवरचं नाव मार्कशीटसारखंच आहे ना, वर्ष बरोबर आहे ना, शिक्का नीट उमटलाय ना, हे तिथंच टेबलासमोर उभं राहून तपासा आणि चूक असेल तर तिथंच दुरुस्त करून मागा. जमलं तर त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढून एक घरी ठेवा. आणि वहीचं ते शेवटचं पान, नावं भरलेलं, तुमच्या गावाकडून जो कुणी पुढच्या जूनमध्ये ॲडमिशनला येणार असेल त्याला फोटो काढून पाठवा, कुठलं नाव बदललंय ते सांगून.